पेनड्राइव्ह लावण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १० चे सर्वसाधारण सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. तेव्हापासून तालुक्याच्या गावी दुरुस्तीच्या काउंटरवर एक वाक्य सर्रास ऐकू येते, 'हा लॅपटॉप आता भंगार झाला, नवीन घ्या.' कार्यालयांतून निघालेले सहाव्या-सातव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचे सेकंडहँड लॅपटॉप आपल्याकडची पुष्कळ मुले वापरतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, तिथे ही यंत्रे अडतात. यंत्र मात्र धडधाकट असते. त्यातली फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी (चिपवर चालणारी वेगवान डिस्क) टाकली आणि विंडोजच्या शेजारी लिनक्स ही मोफत संगणक-प्रणाली बसवली, तर कॉलेजचे शिक्षण त्यावर आरामात पार पडते. लिनक्स मिंट २२ आणि उबंटू २४.०४ या लिनक्सच्या दोन प्रकारांना २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

मग विंडोज ठेवायचेच कशाला, असे कोणी विचारेल. आपल्या भागात त्याला ठोस कारणे आहेत. टॅली विंडोजवर चालते. श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरात वर्षानुवर्षे टाइप केलेले दस्तऐवज विंडोजवरच नीट उघडतात. सेवा केंद्रातले अंगठ्याचे यंत्र, डिजिटल सहीचे टोकन यांचे ड्रायव्हर मुख्यतः विंडोजसाठीच असतात. म्हणून ही कामे विंडोजवर करावीत आणि इंटरनेट, बँक, अभ्यास, प्रोग्रामिंग लिनक्सवर. घरगुती ग्राहकांसाठी विंडोज १० च्या वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी-योजना होती, तिचीही मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. अपडेट नसलेल्या विंडोजवरून बँकेचे व्यवहार करू नयेत.

हे पत्र लिहिण्याचे कारण वेगळे आहे. मोबाइलवर दहा मिनिटांचा व्हिडिओ पाहून मुले रात्री लिनक्स बसवायला पेनड्राइव्ह लावतात आणि सकाळी बापाच्या नावचा पीक कर्जाचा कागद, बहिणीची प्रमाणपत्रे, लग्नाचे फोटो सगळे गेलेले असते. आम्ही तिघे लॅपटॉप दुरुस्तीचे काम करतो. आमच्या पाहण्यात असे नुकसान बहुतेक वेळा पेनड्राइव्ह लावण्याआधीची एखादी पायरी गाळल्याने होते. म्हणून त्या पायऱ्या इथे सविस्तर देत आहोत.

पहिली गोष्ट एसएसडीची. 'एक एसएसडी द्या' एवढे सांगून नागपूरला सीताबर्डीवर किंवा अमरावतीला कोणाला पाठवू नये. आधी लॅपटॉपचे मागचे झाकण उघडून आत काय बसते ते पाहावे. जुन्या लॅपटॉपात बहुधा अडीच इंची साटा (ही जोडणीची जुनी पद्धत) डिस्क असते. तिथे ७ मिलिमीटर जाडीची साटा एसएसडी बसते. आधीची डिस्क ९.५ मिलिमीटरची असेल तर एसएसडी खोबणीत हलते. तिला मूळ डिस्कच्या पत्र्याच्या चौकटीत स्क्रूने घट्ट बसवावे, नाहीतर एसटीच्या धक्क्यांनी कनेक्टर ढिला होतो आणि लॅपटॉप मधूनच 'डिस्क सापडत नाही' म्हणतो.

नव्या यंत्रांत एम.२ ची पट्टी असते. २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब, म्हणून तिला २२८० म्हणतात. काही यंत्रांत ४२ मिलिमीटरचीच मावते. टोकाच्या सोनेरी दातांमध्ये एकच खाच असेल तर ती बहुधा एनव्हीएमई (जोडणीची नवी, वेगवान पद्धत), दोन खाचा असतील तर बहुधा साटा. इथेच लोक फसतात. पट्टी खोबणीत बसली म्हणजे चाललीच असे नाही. सहाव्या-सातव्या पिढीच्या काही लॅपटॉपांतली खोबण फक्त साटा ओळखते. एनव्हीएमई पट्टी तिच्यात जाते, स्क्रूही लागतो, पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर, दिसत नाही. म्हणून मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावे आणि मगच पैसे द्यावेत. वायफाय कार्डची छोटी खोबण वेगळी, तिला एसएसडीची समजू नये. पट्टी तिरपी आत सरकवून खाली दाबायची आणि टोकाला छोटा स्क्रू लावायचा. तो स्क्रू हरवला तर चिकटपट्टीवर भागवू नका. मे महिन्यात आत तापमान वाढले की गोंद सुटतो आणि पट्टी वर उचलली जाते.

मोठ्या क्षमतेची, अनोळखी नावाची, निम्म्याहून कमी भावात मिळणारी एसएसडी घेऊ नये. अशा काही मालात आत छोटी चिप असते आणि कंट्रोलर खोटा आकडा सांगतो. सुरुवातीला सगळे ठीक दिसते. खरी जागा भरली की नवी फाइल जुनीवर लिहिली जाते आणि दोन्ही जातात. विकत घेतल्याच्या दिवशीच, रिकामी असताना, एचटूटेस्टडब्ल्यू हे मोफत साधन चालवून पूर्ण क्षमता लिहून-वाचून पाहावी. तासभर जातो, पण बिल ताजे असते. २४० जीबीची एसएसडी विंडोजमध्ये २२३ दिसते, यात फसवणूक नाही. कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने.

डीव्हीडीच्या जागी कॅडी (डिस्क बसवायची चौकट) लावून जुनी हार्ड डिस्कही ठेवता येते. कॅडी ९.५ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन जाडींची येते, डीव्हीडी ड्राइव्ह काढून पट्टीने मोजूनच घ्यावी. एसएसडी मुख्य जागी आणि जुनी डिस्क कॅडीत, उलट नको, कारण काही यंत्रांत डीव्हीडीची जोडणी सावकाश चालते किंवा तिथून बूटच होत नाही.

आता डेटा. पार्टिशनला, म्हणजे डिस्कच्या कप्प्यांना, हात लावण्याआधी सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्याव्यात. डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स, फोटो, टॅलीचा डेटा फोल्डर, ब्राउझरमधले बुकमार्क आणि जुन्या मराठी फॉन्टचा फोल्डर. फॉन्ट लोक हमखास विसरतात. मग दहा वर्षांचे ठराव उघडले की अक्षरांऐवजी इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसतो. कॉपी झाल्यावर चार-पाच फाइली त्या बाहेरच्या डिस्कवरून, शक्य असेल तर दुसऱ्या संगणकावर, उघडून पाहाव्यात. न उघडलेली कॉपी ही बॅकअप नव्हे. दुकानात एसएसडी टाकून घेतली तर काढलेली जुनी डिस्क परत मागून घ्यावी आणि निदान महिनाभर तिला हात लावू नये. तीच सगळ्यात भरवशाची बॅकअप.

यानंतरची पायरी नव्या लॅपटॉपवाल्यांसाठी आहे आणि या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा परिच्छेद हाच. विंडोज ११ असलेल्या पुष्कळ यंत्रांत डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते. या सोयीला 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' किंवा 'बिटलॉकर' म्हणतात. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केले की ती मालकाच्या नकळत सुरू होते. रोज काही जाणवत नाही. पण बायोसमधली एखादी सेटिंग बदलली किंवा बूटचा क्रम हलला की पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. सहा-सहा अंकांचे आठ गट. ती नसेल तर डेटा कोणीही काढून देऊ शकत नाही, आम्हीही नाही. की मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. अडचण अशी की लॅपटॉप विकताना कोणीतरी घाईत स्वतःच्या किंवा तात्पुरत्या ईमेलने खाते उघडून दिलेले असते, आणि दोन वर्षांनी तो पत्ता कोणालाच आठवत नाही.

तेव्हा आजच सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' उघडून 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू आहे का ते पाहा. चालू असेल तर खात्यात जाऊन की वहीत लिहून घ्या आणि कोणाकडून तरी आकडे वाचून पडताळा. ड्युअल बूट, म्हणजे एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही, करायचे असेल तर एन्क्रिप्शन बंद करून डिस्क पूर्ण उघडेपर्यंत थांबा. डिस्क किती भरली आहे त्यावर अर्धा तास ते काही तास लागतात. अर्ध्यात यंत्र बंद करून पुढच्या कामाला लागू नका.

लाइनचे, म्हणजे विजेचे, सांगायला हवे, कारण शहरातल्या माहितीपत्रकांत ते नसते. पार्टिशन लहान-मोठे करताना डेटा एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकत असतो. त्याच वेळी लाइन गेली आणि बॅटरी मेलेली असेल, तर निम्म्या फाइली जुन्या हिशेबात आणि निम्म्या नव्या हिशेबात राहतात. सेकंडहँड लॅपटॉपची बॅटरी बहुधा नावालाच असते. चार्जर काढून वीस मिनिटे चालवून पाहा. त्यात यंत्र बंद पडत असेल तर इन्व्हर्टर असलेल्या घरी किंवा दुकानीच हे काम करा. भारनियमनाची वेळ टाळा, आणि उन्हाळ्यात सकाळी लवकर करा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. एनव्हीएमई पट्टी फार तापली की स्वतःच वेग कमी करते, आणि लॅपटॉप गादीवर ठेवला असेल तर खालची हवाही कोंडते. जिनिंग असलेल्या गावांत तर झाकण उघडलेच आहे म्हणून पंखाही पाहून घ्यावा. कापसाचे तंतू जाळीवर नमद्यासारखे बसलेले असतात. ते मऊ ब्रशने काढावेत, पंख्याचे पाते बोटाने धरून.

एसएसडी बसवताना आधी चार्जर काढा, मग बॅटरी. बॅटरी आत असेल तर तिचा कनेक्टर सगळ्यात आधी सोडवा. नवीन एसएसडीवर विंडोज टाकताना जुनी हार्ड डिस्क जोडलेली ठेवू नका. विंडोजच्या इन्स्टॉलरला दुसऱ्या डिस्कवर आधीचे बूट पार्टिशन सापडले तर तो नवी बूट फाइल तिथेच टाकतो. सगळे चालते, आणि सहा महिन्यांनी ती डिस्क काढली की एसएसडी असूनही लॅपटॉप सुरू होत नाही.

विंडोजसाठी 'ॲक्टिव्हेटर' नावाची फुकट साधने वापरू नका, त्यांच्यासोबत काय येते ते सांगता येत नाही. गरजही नसते. विंडोज ८ पासूनच्या बहुतेक ब्रँडेड लॅपटॉपांत की मदरबोर्डवरच नोंदलेली असते, आणि विंडोज १० आधी ॲक्टिव्हेट झालेले असेल तर मदरबोर्ड तोच असेपर्यंत डिस्क बदलली तरी चालते. आवृत्ती मात्र तीच निवडावी. होमच्या जागी प्रो टाकले तर ॲक्टिव्हेट होत नाही.

क्रम नेहमी आधी विंडोज, मग लिनक्स. लिनक्सचा बूट मेनू (सुरुवातीला कोणती प्रणाली उघडायची ते विचारणारी यादी) विंडोजला ओळखतो, विंडोज लिनक्सला ओळखत नाही. उलट क्रमाने केले तर विंडोज स्वतःला पहिल्या नंबरवर बसवते आणि लिनक्स असूनही दिसत नाही.

२२३ जीबीची वाटणी आम्ही साधारण अशी करतो. विंडोजला ११०, लिनक्सला ४५, दोन्हींकडून वापरायच्या फाइलींसाठी ५० चे एनटीएफएस (विंडोजची फाइल ठेवण्याची पद्धत) पार्टिशन, आणि उरलेली सतरा-अठरा जीबी कोणालाही न देता मोकळी. ही मोकळी जागा वाया जात नाही. एसएसडी तिचा वापर जुने ब्लॉक साफ करायला करते, आणि शेवटच्या जीबीपर्यंत ठासून भरलेली एसएसडी सावकाश होते. स्वॅपसाठी (रॅम कमी पडली की वापरायच्या जागेसाठी) वेगळे पार्टिशन लागत नाही, उबंटू आणि मिंट स्वॅपची फाइल स्वतः करतात. विंडोजने केलेले १०० एमबीचे ईएफआय (बूट फाइलींचे) पार्टिशन लहान वाटले तरी पुरते. ते पुसू नये आणि फॉरमॅटही करू नये. दोन्ही सिस्टिमी तेच वापरतात. सामाईक पार्टिशन विंडोजमधूनच फॉरमॅट करावे आणि त्यासाठी एक्सफॅट ही दुसरी पद्धत निवडू नये. त्यात जर्नल, म्हणजे अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंदवही, नसते, म्हणून लाइन गेल्यावर फाइली बिघडण्याचा धोका जास्त.

विंडोज आधीपासून असेल तर जागा त्याच्याच 'डिस्क मॅनेजमेंट'मधून 'श्रिंक व्हॉल्यूम'ने काढावी, दुसऱ्या साधनाने नको. कधी डिस्कवर शंभर जीबी मोकळी असते, पण श्रिंकमध्ये पाच-सहाच मिळतात. पेजफाइल, हायबरनेशनची फाइल आणि सिस्टिम रिस्टोरच्या नोंदी मधोमध बसलेल्या असतात आणि विंडोज त्या चालू असताना हलवत नाही. तिन्ही तात्पुरत्या बंद करून, यंत्र पुन्हा सुरू करून श्रिंक केले की जागा निघते. नंतर पेजफाइल आणि सिस्टिम रिस्टोर पूर्ववत करायचे. हायबरनेशन बंदच राहू द्यावे.

त्याचे कारण 'फास्ट स्टार्टअप'. विंडोज बंद केले असे आपल्याला वाटते, पण ते अर्धवट झोपलेले असते आणि डिस्कची स्थिती गोठवून ठेवते. त्या अवस्थेत लिनक्स सुरू केले की सामाईक पार्टिशन फक्त वाचता येते किंवा उघडतच नाही, आणि जबरदस्तीने लिहिले तर फाइली बिघडतात. 'लिनक्सने माझ्या फाइली खाल्ल्या' या तक्रारीच्या मुळाशी बहुधा हेच सापडते. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' इथे जाऊन 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप'समोरची खूण काढावी. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर ही खूण परत आली आहे का, तेही बघावे.

आता डाउनलोड. मिंटची फाइल सुमारे ३ जीबीची आहे, उबंटूची सुमारे ६. दिवसाला दीड-दोन जीबीचा पॅक असलेल्या घरी ती एका दिवसात उतरत नाही, तुटते, आणि अर्धवट फाइलीवरून केलेला पेनड्राइव्ह मध्येच अडकतो. चार जीबी रॅमच्या यंत्राला मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी. डाउनलोड थांबवून पुन्हा चालू करता येईल असे साधन किंवा टोरेंट वापरावे, आणि फाइल पूर्ण झाल्यावर संकेतस्थळावर दिलेल्या एसएचए-२५६ आकड्याशी (फाइल जशीच्या तशी उतरली का ते दाखवणाऱ्या खुणेशी) ताडून पाहावी. एक अक्षर जरी वेगळे निघाले तरी फाइल टाकून द्यावी. पेनड्राइव्ह ८ जीबीचा पुरतो. फाइलीवरून बूट होणारा पेनड्राइव्ह करणाऱ्या रुफस या साधनात 'जीपीटी' (पार्टिशनच्या नोंदीची नवी पद्धत) आणि 'यूईएफआय' (यंत्र सुरू करण्याची नवी पद्धत, जुनी ती 'लेगसी') निवडावे. पेनड्राइव्हवरचे सगळे पुसले जाते हे वेगळे सांगायला नको, तरी सांगतो.

एक तपासणी याआधी हवी. विंडोजमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडून 'बायोस मोड'समोर काय लिहिले आहे ते पाहा. 'यूईएफआय' असेल तर लिनक्सही त्याच पद्धतीने बसवायचे. यंत्राच्या स्वतःच्या बूट मेनूत (कशावरून सुरू करायचे ते विचारणाऱ्या यादीत) एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा नावामागे 'यूईएफआय' लावलेला. दुसरा निवडायचा. पहिला निवडला तर इन्स्टॉल होते, पण मेनूतून विंडोज उघडत नाही. 'लेगसी' लिहिलेले असेल आणि डिस्क नवीन टाकणारच असाल, तर बायोसमध्ये यूईएफआय करून विंडोज नव्यानेच बसवा.

बूट मेनूची कळ कंपनीगणिक वेगळी. डेल आणि लेनोव्होत बहुधा एफ१२, एचपीत एफ९, आसुसमध्ये एस्केप. एसरमध्येही एफ१२, पण ती आधी बायोसमध्ये जाऊन चालू करावी लागते. सिक्युअर बूट (सही नसलेली प्रणाली सुरू होऊ न देणारी सोय) बंद करण्याची गरज नाही, उबंटू आणि मिंट त्याच्यासह चालतात. इन्स्टॉल करताना एनव्हिडिया किंवा काही वायफाय चिपचे ड्रायव्हर निवडले तर एक पासवर्ड ठरवायला सांगतात. पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना निळा पडदा येतो. तिथे 'एनरोल मॉक' निवडून तोच पासवर्ड द्यायचा. घाबरून 'कंटिन्यू बूट' दाबले तर ड्रायव्हर चालत नाही आणि लोक लिनक्सला दोष देतात.

अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपांत आणखी एक अडथळा येतो. इन्स्टॉलरमध्ये फक्त पेनड्राइव्ह दिसतो, आतली एसएसडी दिसतच नाही. ती खराब नसते. इंटेलचे 'आरएसटी' किंवा 'व्हीएमडी' (डिस्क हाताळण्याची इंटेलची वेगळी पद्धत) चालू असते. बायोसमध्ये जाऊन ते सरळ बंद केले तर विंडोज 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणून कोसळते, कारण त्याने दुसऱ्या पद्धतीचा ड्रायव्हर सुरुवातीला चढवलेलाच नसतो. योग्य रीत अशी. विंडोजमध्ये 'सिस्टिम कॉन्फिगरेशन' उघडून 'सेफ बूट'वर खूण करा. यंत्र पुन्हा सुरू करताना बायोसमध्ये जा आणि व्हीएमडी बंद करा किंवा 'एएचसीआय' ही साधी पद्धत निवडा. विंडोज सेफ मोडमध्ये उघडू द्या, तिथे ते योग्य ड्रायव्हर घेते. मग खूण काढून पुन्हा सुरू करा. सेफ मोडमध्ये चार अंकी पिन चालेलच असे नाही, खात्याचा खरा पासवर्ड आधी आठवून ठेवा. एसरच्या काही बायोसमध्ये हा पर्याय लपलेला असतो. 'मेन'च्या पानावर कंट्रोल आणि एस एकत्र दाबले की दिसतो.

इन्स्टॉल करण्याआधी पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून पाहा. वायफाय, आवाज, टचपॅड, पडद्याचा उजेड. वायफाय चालले नाही तर फोन केबलने जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. बहुतेक अँड्रॉइड फोन लगेच चालतात आणि त्या नेटवरून वायफायचा ड्रायव्हर उतरवता येतो.

इन्स्टॉलच्या वेळी एक पडदा असा येतो की तिथे हात थांबलाच पाहिजे. 'इरेज डिस्क' हा पर्याय पूर्ण डिस्क पुसतो, विंडोजसकट. 'अलाँगसाइड' दिसत असेल तर तो घ्या. दिसत नसेल तर 'समथिंग एल्स' (उबंटू २४.०४ मध्ये 'मॅन्युअल इन्स्टॉलेशन') घेऊन आधी काढलेल्या मोकळ्या जागेत ४५ जीबीचे ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल ठेवण्याची पद्धत) पार्टिशन करा आणि माउंट पॉइंटला (पार्टिशन कुठे जोडायचे त्या रकान्यात) फक्त तिरपी रेघ (/) द्या. पार्टिशनचे आकडे कागदावर लिहून शेजारी ठेवा. पडद्यावर सगळी पार्टिशने सारखीच दिसतात, ओळख आकाराने पटते.

बसवून झाल्यावर पहिली तक्रार घड्याळाची येते. लिनक्स वापरून विंडोजमध्ये आले की वेळ साडेपाच तास मागे दिसते. बॅटरीचा सेल गेला असे समजून लोक तो बदलतात. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवते आणि विंडोज तीच स्थानिक समजते, आणि भारताचा फरक नेमका साडेपाच तासांचा. वेळ फार चुकलेली असली की काही संकेतस्थळे 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून अर्ज उघडू देत नाहीत. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' (timedatectl set-local-rtc 1) ही आज्ञा एकदा द्यावी, इंग्रजी लहान अक्षरांत, मधल्या दोन आडव्या रेघांसह. टाइमडेटसीटीएल हा एकच शब्द, त्यानंतर एक जागा, आणि १ च्या आधी एक जागा.

विंडोजच्या अपडेटनंतर मेनू न येता सरळ विंडोज उघडू लागले तर लिनक्स गेलेले नसते. बायोसमध्ये बूटच्या क्रमात 'उबंटू' वर आणा. मिंट बसवले असले तरी तिथे नाव 'उबंटू'च दिसते. ऑगस्ट २०२४ मध्ये मात्र यापेक्षा वाईट झाले होते. विंडोजच्या सुरक्षा अपडेटने जुने बूटलोडर (लिनक्स सुरू करणारे छोटे प्रोग्राम) बाद ठरवले आणि ड्युअल बूटच्या अनेक यंत्रांत 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' येऊन लिनक्स अडले. अशा वेळी फॉरमॅट करू नये. सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून लिनक्समध्ये जावे, सगळे अपडेट घ्यावेत आणि मग ते पुन्हा चालू करावे. लिनक्सचेही अपडेट महिन्यातून एकदा तरी घ्यावेत ते यासाठी.

एसएसडीला डीफ्रॅग (फाइलींचे तुकडे एका जागी लावणे) करू नये. ट्रिम ही तिची साफसफाई उबंटू आणि मिंट आठवड्यातून एकदा स्वतः करतात, विंडोजही स्वतः करते.

लिनक्स काढायचे असेल तर त्यालाही क्रम आहे. आधी बायोसमध्ये 'विंडोज बूट मॅनेजर' पहिल्या नंबरवर आणा, दोनदा यंत्र सुरू करून खात्री करा, मगच विंडोजमधून लिनक्सचे पार्टिशन पुसा. थेट पुसले तर काळ्या पडद्यावर 'ग्रब' (लिनक्सच्या बूट मेनूचे नाव) एवढेच लिहिलेले दिसते. डेटा शाबूत असतो, पण समोर बसलेल्या मुलाला ते कोण सांगणार!

आपल्या दैनिकामार्फत दोन विनंत्या. दुरुस्तीच्या दुकानदारांनी लॅपटॉप हाती घेताना ग्राहकाला चिठ्ठी द्यावी. बॅकअप घेतला का, एन्क्रिप्शन चालू आहे का, रिकव्हरी की कोणाकडे आहे, जुनी डिस्क परत दिली का, ही चार उत्तरे आणि ग्राहकाची सही. पाच मिनिटांचे काम आहे. आणि गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांनी मिंट आणि उबंटूची ताडून पाहिलेली फाइल, तिच्या एसएचए आकड्याच्या कागदासह, एका पेनड्राइव्हवर ठेवावी. या फाइली कोणालाही कॉपी करून देणे पूर्ण कायदेशीर आहे. धारणी किंवा भामरागडसारख्या ठिकाणी, जिथे ३ जीबी उतरवायला मुलाला रेंज शोधत टेकडीवर जावे लागते, तिथे सुरुवात आधी व्हावी.

आपले,
लॅपटॉप दुरुस्तीचे काम करणारे तिघे,
जि. यवतमाळ